टांगत्या कुंडीला यंदाही पाणी बंद (बिनभाड्याचे भाडेकरू: आपापले अनुभव लिहा)

ओसरी

सकाळी दूध तापत ठेवून बाल्कनीचं दार उघडलं तर टांगत्या कुंडीच्या काठावर लालबुड्या बुलबुल. चोचीत खराट्याची काडी. मला बघून उडणं सोडाच, मान वाकडी करून 'काय काम आहे' असं बघितलं. दूध उतू गेलं ते गेलंच.

चार वर्षांपूर्वीचा एप्रिल आठवला एकदम.

त्या जानेवारीत बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आवाज यायचा, पण हवा तो शब्द यायचा नाही. पाणी हवं असलं की 'चावी' म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. दिवसभर बाल्कनीतल्या खुर्चीत बसून. हा माणूस जन्मात झाडांच्या वाटेला गेला नव्हता. कुंड्या म्हणजे डासांचं माहेर, हे त्यांचं ठरलेलं मत. आईने आदल्या वर्षी एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून फर्न आणलं, तेव्हा "एवढ्यात दोन किलो सफरचंदं आली असती" म्हणाले होते.

मार्चअखेर त्याच फर्नमध्ये बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं. वाटीएवढं. काड्या, बारीक मुळ्या, कोळ्याची जाळी आणि एका बाजूला काहीतरी चकाकणारं. स्टुलावर चढून पाहिलं तर बाबांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा. आत तीन अंडी. फिकट गुलाबी, वर तांबडे शिंतोडे, रंगपंचमीला लांबून कुणाची तरी पिचकारी उडावी तसे.

आई सवयीने मग घेऊन पाणी घालायला गेली आणि मागून खणखणीत आवाज आला, "पाणी घालू नको!"

आईचा हात वरच राहिला. तीन महिन्यांतलं पहिलं अख्खं वाक्य. आई नंतर येईल त्याला सांगायची, बोलायला लागले ते माझ्यावर ओरडायलाच.

मग फर्नचं पाणी बंद म्हणजे बंद. पुण्यातला एप्रिल, त्यात पश्चिमेची बाल्कनी. आठवड्यात ते कागदासारखं वाजायला लागलं. बाबा डाव्या हातात काठी धरून कावळ्यांवर पहारा देत बसलेले. साधारण दोन आठवड्यांनी दोन पिल्लं निघाली, तिसरं अंडं तसंच राहिलं. एक पिल्लू कावळ्याने नेलंच, बाबांना अंघोळीला नेलं होतं तेवढ्यात. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसरं उडालं. उडालं म्हणजे कपड्यांच्या दोरीवर पाऊण तास लोंबकळत बसलं, शेपूटही धड फुटली नव्हती, आणि मग धपकन समोरच्या कडुनिंबात.

बाबांना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्या हुकाला हल्ली मनीप्लांट असतो.

तर तुमच्याकडे कोण कोण येऊन राहिलं, आणि कुठलं झाड त्यांच्यापायी गेलं? लिहा. आज काही सुचत नाहीये, वाचत बसते.

दुपारचाचहा

'चावी'ला हसू आलं आणि मग नाही आलं. माझ्या सासऱ्यांचं सेम. ते सगळ्याला 'मंगळवार' म्हणायचे.

जुनाकूलर

नागपूर. आमच्याकडे कुंडी नाही, कूलर. होळी झाली की आमच्या गावात जो तो कूलर धुवायला काढतो. त्या वर्षी भावाच्या लग्नामुळे उशीर झाला, काढायला गेलो तर मागच्या जाळीत चिमणीबाईंनी संसार मांडलेला. आणि सामान कुठून आणलं? कूलरच्याच ताट्यांतून. गेल्या वर्षीचं वुडवूल उपसून उपसून गादी केली होती. म्हणजे आमचंच घर, आमचंच सामान आणि आम्हालाच मनाई.

आई म्हणाली, हात लावायचा नाही. बाहेर बेचाळीस, मग त्रेचाळीस. अख्खं घर गच्चीवर झोपायला. वडील रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी टॉर्च घेऊन बघायचे आणि खाली येऊन जाहीर करायचे, "अजून वेळ आहे बाप्पा." लग्न होऊन आलेली नवी वहिनी पहिला महिना गच्चीवर झोपली. तिच्या माहेरी हे अजूनही सांगतात.

पिल्लं गेली तो दिवस पंचेचाळीसचा होता. कूलर लावला आणि मोटर जळलेली निघाली.

रातराणी

@जुनाकूलर, मोटर जळली 😂😂😂

पिठ्याढेकूण

मस्त धागा. थोडं अवांतर, जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय, बोटाला चिकटतो, मुंग्याही फिरतात. काय करू? गुलाबी डबल आहे, माझी लाडकी. आयडी बदलायची वेळ आलीय बहुतेक.

उंबरठा

मी न्यू जर्सीत असते. इथे रॉबिन येतो, छाती विटकरी रंगाची. आमच्या पुढच्या दारावरच्या दिव्यावर घरटं घातलं, चिखलाने नीट लिंपून, शेणाने सारवावं तसं. अंडी अशी निळी की पैठणीवाल्याला दाखवावीत. इथे १९१८ चा कायदा आहे, अंडी असलेलं घरटं हलवायचं नाही. कायदा नसता तरी हलवलं नसतंच म्हणा, पण नवऱ्याला ऐकवायला बरा पडतो.

झालं असं की आठ दिवसांवर पाडवा. गुढी पुढच्या दारात उभारायची तर वर रॉबिन. काठी नुसती जवळ नेली तरी ओरडून डोकं उठवायची. शेवटी गुढी मागच्या डेकवर बार्बेक्यूला बांधली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर म्हणते, गुढीमागे ती काळी पेटी कसली?

महिनाभर पाहुणे, पार्सलवाले, सगळे गॅरेजमधून. झाड मात्र गेलं नाही. माझं झाड जातं ते थंडीनेच. कढीपत्ता दर ऑक्टोबरात पहिलं दंव पडायच्या आत उचलून घरात आणायचा, हीटरने पानं गाळतो, मार्चपर्यंत नुसत्या काड्या. त्या काड्यांना रोज गुड मॉर्निंग म्हणणारी मी एकटीच नसेन अशी आशा.

माजघर

एकट्या नाही. मी एडिंबरा. माझ्या काड्यांना नाव आहे.

दुपारचाचहा

काय नाव?

माजघर

सांगणार नाही, सासूबाई इथे वाचतात.

अर्धवट

कढीपत्त्यावरून आठवलं. मी तर मुद्दामच अर्धा कढीपत्ता सोडून दिलाय. फोडणीला चार पानं तोडायला गेलो तर पानावर पक्ष्याची शीट. पुसायला गेलो तर शीट हलली. लिंबाच्या फुलपाखराची अळी ती, लहानपणी मुद्दाम तशी दिसते म्हणजे पक्षी खात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढते आणि भयंकर उग्र वास सोडते. मुलीला तो वास इतका आवडला (!) की शाळेतल्या सगळ्या मैत्रिणींना आणून दाखवलं. बिचारी अळी दिवसातून वीस वेळा शिंगं काढून दमली असेल.

हिरवी झाली की मात्र राक्षस. दोन दिवसांत एक फांदी साफ. बायको म्हणाली, आमटीला काय घालू, अळी? मग फांद्या वाटून घेतल्या. डावीकडची अळ्यांची, उजवीकडची आमटीची. अळ्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

कोष भिंतीवर, थेट गॅसच्या नळीजवळ केला. आठव्या की नवव्या दिवशी सकाळी फुलपाखरू, पंख ओले. मुलीची पहिली शाळेला दांडी, आमच्या संमतीने.

पाटाखालचंपाणी

घरच्या कढीपत्त्यावर ब्लू मॉरमॉनपण येतं का हो? २०१५ पासून ते आपलं राज्य फुलपाखरू आहे ना. ठाण्यात दिसतं कधीमधी, काळंनिळं, तळहाताएवढं.

अर्धवट

लिंबू, पपनस असल्या झाडांवर येतं म्हणे. माझ्या बाल्कनीत राज्य पातळीवरचं कुणी आलं नाही अजून.

शेंदरी

कबुतरं.

रातराणी

@शेंदरी, नको. त्या विषयाने धागा पाचशेवर जाईल आणि भांडणं होतील ती वेगळीच.

शेंदरी

बरं. फक्त एवढंच सांगते. आमच्या कबुतराने पाच काड्या आणि एक हेअरपिन एवढ्यावर दोन अंडी घातली, तीही एसीच्या युनिटवर. याला घरटं म्हणायचं? शिंपी बघा आणि हे बघा. (हेअरपिन माझीच.)

मृगकिडा

शिंप्याचं नाव निघालंच तर. आमच्या दारात अळू होतं, अळवाच्या शेजारी पेरूचं रोप. एका पानाची दुमड दिसली, वाटलं कीड. उलटं केलं तर शिवण! हो, चक्क शिवण. कापसाचा धागा भोकातून आरपार ओढलेला, गाठ नाही काही नाही. धाग्याचं टोक बाहेरून विस्कटून फुगलेलं, त्यानेच अडकून राहतो. आमच्या शेजारच्या काकू आयुष्यभर शिवणकाम केलेल्या, त्या चष्मा लावून अर्धा तास बघत होत्या. म्हणाल्या, टाके लांब आहेत पण ताण सारखा आहे.

ते पान पेरूचं होतं, सुकलं असतं तर सगळंच खाली. म्हणून मी उलट जास्त पाणी घातलं. ओसरीताई, आमचं उलटं प्रकरण. पेरू वाचला, अळू कुजलं. त्या वर्षी फतफतं नाही, अळुवड्याही नाहीत.

माजघर

फतफतं!! किती वर्षांनी हा शब्द. त्यात मुळा घालता का तुम्ही?

मृगकिडा

घालतो. शेंगदाणे, हरभरा डाळ आणि मुळा. चिंच नसेल तर आमसूल. पण वेगळा धागा काढू, इथे पक्षी चाललेत.

पिठ्याढेकूण

जास्वंदीचं कुणी सांगेल का 🙏 आता कळ्याही गळायला लागल्या.

निवांत

आमच्याकडे कोणी राहायला येत नाही, फक्त येऊन जातं. मी निवृत्त माणूस, चिपळूणजवळ गाव. गच्ची आहे. दर वर्षी धोबी येतो, तो थंडीचा पाहुणा. गच्चीवर टुकटुक चालतो, शेपूट सारखी खालीवर, कपडे आपटल्यासारखी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी दूध-पेपरच्या रकान्यात पेन्सिलीने 'धोबी' लिहितो. आमच्या सौ. ना बरेच दिवस वाटायचं कपड्यांचा हिशेब आहे.

जुनी कॅलेंडरं माळ्यावर सुतळीने बांधून ठेवलीत. मागे काढून बघितली. धोबी बहुतेक वेळा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा दसरा उलटून गेल्यावर. कोकीळ फेब्रुवारीत गळा साफ करायला लागते, पण माझ्या नोंदीत दोनदा जानेवारीतच आहे. 'पेरते व्हा' मे मध्ये, बहुधा रोहिण्या लागताना. आणि एका पानावर नुसतं 'नवरंग, खोक्यात'.

तो किस्सा असा. मृगाच्या आधी दोन-तीन दिवस, आभाळ भरलेलं, पडवीच्या काचेवर धाडकन काहीतरी आपटलं. खाली पडलेला पक्षी, पाठ हिरवी, पोट पिवळट, शेपटीखाली लालभडक, डोळ्यावर काळा पट्टा. आखूड शेपूट. जिवंत होता, पण बधिर. बुटांच्या खोक्यात घातला, झाकण लावून अंधारात ठेवला, झाकणाला भोकं पाडली. पाणी पाजायला गेलो नाही, घशात जाऊन मरतात. आजी असती तर म्हणाली असती पावस इलो, ह्यो सांगाक इलो. संध्याकाळी खोक्यात खडबड. झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि करवंदीच्या जाळीत गेला. त्याच रात्री पाऊस.

आता पडवीच्या काचेला जुनी मच्छरदाणी लावलीय. दिसते वाईट.

उंबरठा

निवांतकाका, ती कॅलेंडरं टाकू नका हो. खरंच.

निवांत

सौ. रद्दीवाल्याला बोलावते, मी परत पाठवतो. असं चाललंय.

कोपऱ्यातला

कोकीळ 'गळा साफ करायला लागते' नाही, लागतो. गाणारा नर असतो, काळा. मादी ठिपक्यांची, ती नुसती किककिक करते.

निवांत

मान्य. पण कोकिळा गाते असं म्हणून पासष्ट वर्षं गेली, आता व्याकरण बदलायला जड जातं.

रातराणी

आमच्याकडे पक्षी नाही, माणसं येतात. ब्रह्मकमळ. गेल्या श्रावणात एका रात्री अकरा कळ्या. अख्खी सोसायटी साडेअकराला आमच्या बाल्कनीत, कुणी आरती म्हणतंय, कुणी सेल्फी, तळमजल्यावरच्या आजोबांना खुर्चीसकट वर आणलं. चहा तीनदा झाला. सकाळी बघितलं तर फुलं माना टाकून, आणि गर्दीत माझी पानफुटी आणि सदाफुली तुडवलेली. म्हणजे माझी झाडं माणसांपायी गेली.

कोपऱ्यातला

घरात फुलतं ते ब्रह्मकमळ नव्हे. तो निवडुंगाचा प्रकार, मूळ मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. खरं ब्रह्मकमळ हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, उत्तराखंडचं राज्यफूल.

रातराणी

हे मी त्या रात्री आरती चालू असताना सांगायला हवं होतं का?

कोपऱ्यातला

नको. चहा मिळाला नसता.

उलटाऋतू

मेलबर्नहून. आमच्याकडे वसंत सप्टेंबरात, म्हणजे गणपतीच्या आसपास झाडांना पालवी. मुलांना 'चैत्रपालवी' शिकवताना फार गोंधळ होतो. आणि तेव्हाच मॅगपाय अंड्यांवर असतात. काळेपांढरे, कावळ्याचे देखणे भाऊ, गळा इतका गोड की सकाळी अलार्म लागत नाही. पण त्या दोन महिन्यांत मागून येऊन डोक्यावर झडप घालतात. सायकलवाले हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या लावून साळिंदरासारखे फिरतात.

चेहरे लक्षात ठेवतात ते. आमच्या मागच्या निलगिरीतली जोडी मला काही करत नाही, कारण मी झाडांना पाणी घालताना त्यांना गांडुळं सापडतात. नवऱ्याला मात्र तिसऱ्या वर्षीही सोडत नाहीत. त्याने एकदाच, फक्त एकदाच, छत्री उगारली होती. मूर्ती आणायला गेलो तेव्हा तो गाडीपर्यंत डोक्यावर पाट धरून.

दुपारचाचहा

डोक्यावर पाट 🤣 बाप्पा त्यावरच बसणार होते ना?

उलटाऋतू

हो, आणि त्यावर मॅगपायने आधीच अभिषेक केला होता. धुतला.

जुनाकूलर

ओसरीताई, एक विचारू? ते घरटं ठेवलंय का तुम्ही? गोळ्यांचा तुकडा असलेलं?

ओसरी

ठेवलंय. आईने बरणीत घातलं, लोणच्याच्या मोठ्या काचेच्या, वर फडकं बांधून. शोकेसमध्ये बाबांच्या फोटोशेजारी नाही ठेवलं, म्हणाली तिथे बरं नाही दिसत. फ्रीजवर आहे. न फुटलेलं अंडं पण आहे आत, आता रंग उडालाय. परवा कामवाल्या मावशी विचारत होत्या, हे काय मुरायला ठेवलंय?

सगळं वाचतेय हो, एकेकाला उत्तर द्यायला वेळ होत नाहीये. आईला इथलं वाचून दाखवते. कूलरची मोटर दोनदा वाचायला लावली.

शेंदरी

@पिठ्याढेकूण, तुम्हाला कुणीच सांगितलं नाही वाटतं. पिठ्या ढेकूणच आहे तो. थोडा असेल तर कापसाच्या बोळ्याने स्पिरीट लावून पुसा. जास्त असेल तर आधी पाण्याचा जोराचा फवारा, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निमतेल आणि दोन थेंब भांड्याचा साबण, हलवून संध्याकाळी फवारा, उन्हात नको. आठवड्याने परत. मुंग्यांचा बंदोबस्त करा, त्याच याला इकडून तिकडे नेतात. फार भरलेल्या फांद्या सरळ कापा.

पिठ्याढेकूण

देव भलं करो तुमचं. आज संध्याकाळीच करते.

ओसरी

ताजी खबर. पहिलं अंडं. मनीप्लांटची चार कांडं कापून बाटलीत ठेवली, तेवढीच तजवीज. आईने बाबांची काठी माळ्यावरून काढून बाल्कनीत ठेवलीय. कावळे अजून आलेले नाहीत.

निवांत

तारीख लिहून ठेवा.

पिठ्याढेकूण

लोकहो, निमतेल कालवून गेले. फांदी वाकवली तर आत वाळक्या पानांचा एक गोळा लोंबतोय, कोळ्याच्या जाळ्यात कचरा अडकतो तसा. झाडूने पाडणारच होते. त्याला बाजूला भोक आहे आणि भोकावर छोटंसं छज्जं. भोकातून बारीकशी वाकडी चोच बाहेर आली.

मृगकिडा

शिंजीर! मादी असणार, घरटं तीच बांधते. फवारू नका!!

पिठ्याढेकूण

नाही फवारत. बाटली खाली ठेवली. बाकीच्या फांद्या कापसाने एकेक पुसत बसलेय, ती फांदी सोडून. भात करपला.

पाटाखालचंपाणी

कुणाकडे पडवळाचं गावठी बी आहे का? आखूड जातीचं.